बाबा: आहेत / नाहीत

मुलीने जुना लॅपटॉप कपाटावर चढवून त्याचाच सर्व्हर केला आणि जाहीर केलं, "आपल्या घराचा डेटा आपल्याच घरात राहणार." मग खोल्याखोल्यांत काड्यापेटीएवढे सेन्सर चिकटले. कुठे किती गरम, कुठे किती दमट, कोणत्या खोलीत कोण, सगळं हॉलमधल्या टॅबलेटवर दिसू लागलं. बाबा तेवढे दिसेनात.

गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी कशासाठी विचारत नव्हतं, ही बोच होतीच. त्यात ते खुर्चीत बसून शब्दकोडी सोडवत, अगदी निश्चल. टॅबलेट म्हणे, 'खोली रिकामी', आणि दिवा-पंखा बंद.

"अगं, मी इथे आहे!"

"मग हात हलवा ना," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. चहा तिने स्वतःपुरताच टाकला होता.

"इतकी वर्षं संसार केलास, माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

"तेव्हा तपासायची सोय नव्हती."

बाबा मुलीवर उखडले. "फ्रिजचं दार मोजतेस आणि बापाला नाही?"

"दार हलतं, बाबा."

तरी तिला वाईट वाटलं. तिने टॅबलेटवर एक बटण करून दिलं: 'बाबा: आहेत / नाहीत'. सेन्सर काहीही म्हणो, बटण म्हणेल ते खरं.

दुसऱ्याच दिवशी दारात बाबांची मोठी बहीण. ती आली की त्यांच्या पोटाच्या घेरावरून सुरू होई. बाबांनी झटकन 'नाहीत' दाबलं.

आईने टॅबलेट पाहिला. "या ताई. हे नाहीत हो घरात."

ताईंनी टॅबलेट हातात घेतला, समोर बसलेल्या भावाकडे पाहिलं, पुन्हा टॅबलेटकडे पाहिलं. "अगोबाई, खरंच की! माझ्या शिकवणीवर्गातले गणिताचे सर सोडून गेले. म्हटलं, याच्यासारखं गणित कोण शिकवणार?"

बाबा ताडकन उठले. "मी शिकवतो!"

"असता तर हो म्हणाला असता," ताई हळहळल्या.

"म्हणतोय ना!" बाबांनी हात हलवले, दोन उड्या मारल्या. टॅबलेट ढिम्म.

"जाऊ दे, दुसरं कोणी बघते," म्हणत ताई उठल्या. बाबांनी झडप घालून टॅबलेट हिसकावला आणि 'आहेत' दाबलं.

"आलास?" ताईंचा चेहरा खुलला. "किती धापा टाकतोयस! बस जरा."

"नको," बाबा म्हणाले, "आता बसायचं धाडस होत नाही."