हरणीचा रिकामा डबा

ऐक ना, मधे बोलू नकोस, आधी सगळं ऐक. सुनील आठवतो का, डोंगरातला, अवसरीला शिकून घोडेगावात आदेशभाऊच्या कॉम्प्युटरच्या ऑफिसात लागला तो? दोन हजार चौदा सालची गोष्ट. भर दुपारी आदेशभाऊ त्याच्या खुर्चीमागं उभा, आणि स्क्रीनवर सुनीलच्याच गावापुढं आकडा काय, तर शून्य!

"काय राव, तुमच्या गावात एक जनावर न्हाई? दूध काय झाडाला लागतं व्हय?"

"असं कसं, भाऊ? आमच्याच गोठ्यात हायेत की."

"मग गेली कुठं? संध्याकाळी लसवाल्या संस्थेला यादी द्यायचीय. सकाळी लशीची गाडी निघती. शून्य दिसलं तर ती तिकडं वळायची बी न्हाई."

मागल्या साली लस वर डोंगरात पोचलीच नव्हती आणि लाळ्या-खुरकुतानं गावातली जनावरं पटापट गेली होती.

काम असं होतं, की संस्थेनं गावोगावच्या पोरींना मोबाईल दिलेले. त्यात प्रत्येक घराचे दोन रकाने: जनावर, आणि त्यापुढं माहिती. ते ऑफिसात यायचं जेसन नावाची फाईल होऊन. जेसन म्हणजे फडताळातले डबे समज. वर चिठ्ठी, आत जिन्नस. महाळुंगे पडवळच्या पोरीनं चिठ्ठ्या लिहिल्या गाय, बैल, म्हैस, आणि आत आकडे. सुनीलनं तेच बघून प्रोग्राम लिहिला. ओळखीची चिठ्ठी दिसली की डबा उघडायचा, नाहीतर गुपचूप बाजूला सारायचा. ना तक्रार, ना आवाज.

आणि सुनीलच्या गावातली मोबाईलवाली पोरगी आरती दारोदार विचारत गेली, "गोठ्यात कोन कोन हाय?" आता तिकडं असं विचारल्यावर कोण 'दोन गाई' म्हणणार? लोकांनी नावं सांगितली. ढवळी, बांड्या, मोरी. आत काय, तर कुठं वय, कुठं 'गाभण', एकात तर नुसतं 'मारका'. प्रोग्रामनं अख्खं गाव न उघडता बाजूला सारलं. आणि तो लिहिला कोणी? ज्यानं जन्मात स्वतःच्या गाईला 'गाय' म्हणून हाक मारली नाही त्यानं!

मग बसला मान खाली घालून. चिठ्ठीवर काहीही असू दे, आत आकडा असू दे नाहीतर शब्द, सगळं घ्यायचं. नावाची चिठ्ठी असेल तर एक डबा म्हणजे एक जनावर. चालवला. नावं धडाधड उतरायला लागली. आदेशभाऊ मोठ्यानं वाचतोय, "बांड्या, मारका! टोचणाऱ्या डॉक्टरला आधीच सांगा रं!" आणि एकदम सगळं थांबलं.

एक डबा रिकामा. चिठ्ठीवर हरणी, आत काहीच नाही. घर चिमाबाईचं, म्हणजे सुनीलच्या आईचं.

हरणी मागल्याच साली गेलेली. त्यानं आरतीच्या मोबाईलवर फोन लावून आईला बोलवून घेतलं.

"आये, हरणी कशाला सांगितली?"

"खुटा हाय की तिचा अजून."

"अगं, मेली ना ती."

"मेली म्हून नाव घ्यायचं न्हाई व्हय? आरती म्हनली, म्होरं काय लिव्हू? म्हनलं, रिकामं ठेव." पुढं म्हणाली, "लस आली न्हाई म्हून गेली ती. यंदा येतीय, तर पारावर नावं पुकारतील तवा तिचं बी निघू दे, बाबा."

"बरं," म्हणाला सुनील.

फोन ठेवला तर आदेशभाऊ म्हणतो, "उडव ती."

"नाव राहू दे की. मोजत न्हाई आपण तिला."

"येडा का तू? मेलेली गाय यादीत दिसली तर संस्थावाले म्हणतील, अख्खं गावच खोटं. मग बस लस शोधत."

एका ओळीचं काम होतं. रिकामा डबा आला की तोही गुपचूप बाजूला सारायचा. सुनीलनं ती ओळ लिहिली. यादी वेळेत गेली.

सकाळी गाडीबरोबर तोही गावी गेला. लस टोचणारे गेणभाऊ पारावर उभं राहून कागदावरची नावं पुकारत होते. "ढवळी!" म्हटलं की ढवळी पुढं. लोक हसत होते, पोरं शिट्ट्या मारत होती. मारक्यानं गेणभाऊंची टोपी उडवली. दुपारपर्यंत सगळं गाव टोचून झालं, एकही जनावर राहिलं नाही.

गेणभाऊंनी कागदाची घडी घातली. चिमाबाई अजून उभी. हातात नुसतं दावं, धुऊन आणलेलं.

"झाली सगळी?"

"झाली की, मावशी."

"हरणी ऱ्हायली."

गेणभाऊंनी कागद परत उघडला, वरून खालपर्यंत बोट फिरवलं. "ह्या नावाचं न्हाई बुवा ह्यात कुनी."

ती गेणभाऊंकडं बघतच नव्हती. सुनीलकडं बघत होती. मग तिनं दाव्याचं वेटोळं केलं, काखेत मारलं आणि म्हणाली, "चला पावणं, च्या ठेवते."

बस, एवढंच. गावाला लस मिळाली, हे तर खरंच ना? पण तू सांग, आदेशभाऊ डोक्यावर उभा, गाव शून्यावर, आणि समोर तो एक रिकामा डबा. तू काय केलं असतंस?