तोटीची परीक्षा

भावाबहिणीची कंपनी वस्तूंचे आराखडे काढायचं सॉफ्टवेअर बनवायची, आणि त्यात लायब्रऱ्या, म्हणजे प्रोग्रामचे तयार संच, लागत. चित्र दाखवणाऱ्या लायब्ररीवरून दोघांत कधी वाद झाला नाही. पडद्यावर वस्तू झळकवायला काय, कुणीही झळकवतं. घोडं अडलं होतं ते आकार गणितात घडवणाऱ्या लायब्ररीपाशी. धाकटीनं ती सहा वर्षं खपून स्वतः लिहिली होती. धंदा बघणाऱ्या दादाला विकतची हवी होती.

"परीक्षा घेऊ," दादा म्हणाला. "आकाराच्या बाबतीत शेवटचा शब्द तुझा, हे ठरलेलंच आहे."

परीक्षा म्हणजे तोटी. साचे बनवणाऱ्या त्यांच्या वडिलांनी आखलेली नळाची तोटी. तिच्या मानेपाशी तीन गोलाया एकत्र येत, आणि तिथं भल्याभल्या लायब्रऱ्यांनी नांगी टाकली होती. धाकटीची पास व्हायची, पण रडतखडत, चाळीस सेकंदांनी. प्रश्नपत्रिका फुटू नये म्हणून ती फाईल दोघांखेरीज कुणाकडेच नव्हती.

सकाळी विकतच्या लायब्ररीनं दोन सेकंदांत तोटी घडवली. अगदी गुळगुळीत. रडीचा डाव खेळणाऱ्यातली धाकटी नव्हती. आठही सहकाऱ्यांसमोर म्हणाली, "हीच घ्या. माझी काढून टाका." दादानं मान खाली घातली. बिचाऱ्याला माझंच वाईट वाटतंय, असं तिला वाटलं.

दुपारी तिला राहवेना. यांनी हे केलं तरी कसं? शिकावं म्हणून तिनं तोटीची मान अर्धा मिलिमीटर जाड केली. लायब्ररी कोसळली. पाव मिलिमीटर केली, पुन्हा तेच. वडिलांचं माप दिलं की मात्र पोपटपंची सुरू.

ती तडक दादाच्या खोलीत गेली. "फाईल त्या लायब्ररीवाल्यांना तू दिलीस?"

"करार महिन्यापूर्वीच झालाय."

"मग परीक्षेचं सोंग कशाला?"

"त्याशिवाय तू हो म्हणाली असतीस?"

सख्ख्या भावानं गंडवलं, तेही बाबांच्या आखणीनं. "मी आत्ता बाहेर जाऊन सगळ्यांना सांगते."

"काय सांगशील? काढून टाका, असं तूच म्हणालीस. मी एक शब्द तरी बोललो का?"

खरंच नव्हता बोलला.

तेवढ्यात एका सहकाऱ्यानं दारातून डोकं आत घातलं. "ताई, तुमची लायब्ररी सगळीकडून काढली बरं का. तुम्ही म्हणालात तशी."