एक लांब, एक आखूड

आमच्या घरात कुणालाच काही प्रॉब्लेम नाही. हे मला इतक्यांदा ऐकवून झालंय, की आता नुसता 'प्रॉब्लेम' शब्द आला तरी माझं टाळकं सटकतं. ताई म्हणते, "आम्हाला काही प्रॉब्लेम नाही हं." आई म्हणते, "बाबांनाही तसा काही प्रॉब्लेम नाही, फक्त त्यांच्यासमोर विषय काढू नकोस." आणि बाबा? बाबा तोंडात मिठाची गुळणी धरून बसतात.

लंबू आणि मी एकत्र राहायला लागून सहा वर्षं झाली. लंबू माझी जोडीदार. शब्द पुस्तकी आहे, मान्य, पण दुसरं काहीही म्हटलं की लोक "अच्छा, मैत्रीण!" म्हणून मोकळे होतात. ती फिजिओथेरपिस्ट आहे आणि दारातून येताना मान वाकवावी लागेल एवढी उंच आहे. मी तिच्या खांद्याला कशीबशी लागते. तरी शेजारच्या काकू विचारतात, "बहिणी का गं तुम्ही? चेहरेपट्टी अगदी सारखी." डोंबलाची सारखी!

मी लिफ्ट दुरुस्त करते. लिफ्ट कुठेही अडकली आणि रविवार असला की साहेब मलाच पिटाळतात. का, तर "तुला काय, घरी कोण वाट बघतंय?" त्यांना सगळं माहीत आहे. लंबू त्यांच्या बायकोच्या गुडघ्याचे व्यायाम करून घेते! पण नाही, माझ्या घरी कोणी नाही.

हे सगळं मी गिळते. एक गोष्ट मात्र गिळता येत नव्हती. बाबा सुतार आहेत. घरातल्या कुणीही वेगळं बिऱ्हाड थाटलं की बाबा त्यांना पलंग करून देतात, स्वतःच्या हातानं, लाकूड स्वतः निवडून. ताईला दिला. चुलतभावाला दिला. आत्येबहिणीनं दुसरं लग्न केलं तेव्हा तिला दुसऱ्यांदा दिला, तोही पहिल्यापेक्षा देखणा. आम्ही दोघी जमिनीवर गादी टाकून झोपतो. विचारलं की कधी लाकूड ओलं असतं, कधी बाबांचा खांदा धरलेला असतो, कधी पॉलिशवाला गावाला गेलेला असतो.

"दुकानातून आणू या ना," लंबू म्हणायची. "रोज लोकांच्या पाठी सरळ करायच्या आणि स्वतः फरशीवर झोपायचं."

मी ऐकायची नाही. दुकानातला पलंग काय, पैसे टाकले की येतो. मला बाबांचा हवा होता. बाबांनी पलंग दिला म्हणजे आमचं बिऱ्हाड हे बिऱ्हाड आहे, एवढं साधं गणित होतं ते. आणि त्या गणितावर मी हटून बसले होते.

गेल्या महिन्यात ताईचा फोन आला. "बाबांनी तुमचं काम पूर्ण केलंय. रविवारी घेऊन येतोय."

मी साहेबांचा फोन उचलायचाच नाही असं ठरवलं. आम्ही खोली रिकामी केली, फरशी पुसली. लंबूनं तर इस्त्रीचा कुर्ता घातला. टेम्पोतून बाबा, आई, ताई उतरले आणि बाबांनी एकेक भाग वर आणून जोडायला घेतला. लाकूड काय सुरेख होतं! गडद, मुरलेलं, हात फिरवला तर कुठे खरखर नाही. उशाकडच्या फळीला गोलाई दिलेली.

मग पलंग उभा राहिला आणि बाबांनी दुसरा जोडायला घेतला.

दोन होते. दोन सिंगल. बाबांनी एक या भिंतीला लावला, एक त्या भिंतीला, आणि मध्ये छान ऐसपैस वाट सोडली.

"मोकळं मोकळं वाटतं बाई," आई म्हणाली.

"नशीब काढलंत. आम्हाला एकच मिळाला होता," ताई म्हणाली, आणि स्वतःच हसली.

लंबूनं माझा हात दाबला. म्हणजे गप्प बस. मी बसणारच होते. पण तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की दोन्ही पलंग सारखे नाहीत. खिडकीकडचा चांगला वीतभर लांब आहे.

"हा लांब का, बाबा?"

"यांचे पाय बाहेर आले असते," बाबा लंबूकडे न बघता म्हणाले.

झालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तिची उंची दिसली तुम्हाला? न विचारता अंदाज बरोबर आला? मग बाकीचं सहा वर्षं दिसत नाही होय?"

"अगं, हळू बोल," आई म्हणाली.

"नाही बोलणार हळू!"

मी माझी कामाची पिशवी ओढली, ड्रिल काढलं, एक पलंग ढकलत दुसऱ्याला नेऊन भिडवला. दोन बोल्ट मारायचे आणि विषय संपवायचा. ड्रिलला लोखंडात भोक पाडायचं बिट होतं, रागात मी ते तसंच दाबलं. लाकडाचा कडकन ढलपा उडाला.

"अगं ए!" बाबा धावलेच. त्यांनी माझ्या हातातून ड्रिल हिसकावून घेतलं. "लिफ्ट आहे का ती? लाकडात असं घुसतात?"

"मला एक पलंग हवाय."

"हे जोडून होणार नाही. एक लांब, एक आखूड. वर मधे फट राहील."

"मग नवीन करा!" मला रडू फुटलं. कुणासमोर रडायचं नाही ही माझी शिस्त, तीही गेली खड्ड्यात. "ताईला विचारलं होतं का, दोन देऊ की एक? मलाच का दोन, बाबा?"

बाबांनी त्या फुटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिले. मग खिशातून टेप काढला आणि भिंतीपासून खिडकीपर्यंत जमीन मोजली. उठताना गुडघ्यावर हात ठेवला. लंबूनं पुढे होऊन त्यांना आधार दिला, तो त्यांनी घेतला.

"भिंतीकडे कोण झोपतं?" त्यांनी लंबूला विचारलं.

लंबूनं एकदा माझ्याकडे पाहिलं. "मी. हिला पहाटे फोन येतात ना कामाचे, म्हणून ही कडेला."

"हं. मग कडेची पट्टी जाड घालतो. लहानपणापासून लोळते ही."

"लोळते?" लंबू म्हणाली. "लाथा मारते."

"आईवर गेलीये," बाबा म्हणाले.

"अहो!" आई ओरडली. पण बाबा ऐकतच नव्हते. पहिल्यांदाच ते लंबूकडे तोंड करून उभे होते, आणि दोघं मिळून माझ्या लाथांबद्दल बोलत होते.