दोनदा वजा झालेले चार इंच

इकडे बघा, शिवणयंत्राशेजारच्या खुंटीवर. पिवळी, कापडी, आकडे जरा पुसट झालेली, ती मीच. शिवणाची टेप. मला कुणी काही विचारत नाही, पण या घरातलं मला जेवढं माहीत आहे तेवढं घरच्यांनाही नसेल. आणि माहीत असलेलं पोटात ठेवणं मला काही जमत नाही. तेव्हा सांगूनच टाकते.

माझा जन्म एका मोठ्या शेडमध्ये झाला. लांबच लांब पट्टी, तिच्यावर आकड्यांचा रूळ फिरला, मग साठ-साठ इंचांवर आम्हाला कापून दोन्ही टोकांना पत्र्याची टोपी घातली. माझ्या शेजारच्या टेपची टोपी तिरकी बसलेली मी तेव्हाच पाहिली होती. म्हणजे बघा, ही खोड जन्मापासूनची.

बटणं-दोऱ्यांच्या दुकानातून मला बाईंनी आणलं. बाई घरी कपडे शिवतात. त्यांच्या हातात राहून मी पुष्कळ माणसं पाहिली. कंबरेचं माप घ्यायला गेलं की माणूस पोट आत ओढतो. बाई गुपचूप एक इंच वाढवून लिहितात. आणि गिऱ्हाईक पुढच्या वेळी म्हणतं, "तुमचं फिटिंग कसं अगदी अंगाला बसतं हो!"

एकदा फ्रॉक कापताना शेजारीण कुणाच्या तरी सुनेबद्दल सांगत होती. बाईंचं लक्ष तिकडे, खरं सांगायचं तर माझंही तिकडेच. कापडाबरोबर माझं पहिलं टोक कात्रीत गेलं. चांगले चार इंच. मला वाटलं, आता आपली रवानगी कचऱ्यात. पण बाई म्हणाल्या, "आलेल्या मापातून चार वजा करायचे, त्यात काय एवढं!" तेव्हापासून घरात कुणीही माझ्याने काहीही मोजलं की मागून कुणीतरी ओरडतंच, "चार वजा केलेत का?"

घरात माणसं तीनच. बाई, त्यांचे यजमान आणि यजमानांचे वडील आप्पा. यजमान दारोदार फिरून पाण्याचे मीटर वाचतात, त्यामुळे आकड्यात आपली चूक होणं शक्यच नाही, असा त्यांचा ठाम समज. आप्पांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. डोकं मात्र ठणठणीत आहे आणि जीभ त्याहून.

आमच्या खिडक्यांना बाहेरून पट्ट्यापट्ट्यांची शटरं आहेत. आतला जाड पट्टा खाली ओढत गेलं की शटर वर गुंडाळतं. बाहेरच्या खोलीतलं सगळ्यात जड. ते रोज ओढून ओढून बाईंचा खांदा दुखायला लागला. डॉक्टर म्हणाले, ओढायचं बंद करा. म्हणून मोटरवाल्या शटरचा विषय निघाला.

तीन दुकानं झाली. पहिल्याचा भाव ऐकून यजमान तिथल्याच खुर्चीत बसले. दुसऱ्याने फोनवरून चालणारं शटर दाखवलं. यजमानांचे डोळे चमकले. घरी येऊन म्हणाले, "अगं, मी रस्त्यात असतानाही खिडकी उघडता येईल."

"रस्त्यात असताना? आधी तुमचा फोन तुम्हाला घरात सापडू दे," बाई म्हणाल्या.

"वीज गेली तर काय करायचं, हे विचारलंस का?" आप्पांनी आतून विचारलं. नव्हतं विचारलं. म्हणून तिसरं दुकान. तिथे साध्या बटणावर चालणारं शटर होतं, वीज गेली तर फिरवायला एक हँडलही होतं, आणि भाव त्यातल्या त्यात बरा. पण बाईंची शिवणाची शिल्लक आणि यजमानांचा बोनस एकत्र करूनही एकाच खिडकीचं जमत होतं.

"मग बाहेरच्या खोलीलाच," यजमान म्हणाले. "खांदा तुझा दुखतोय, यंत्रही तिथेच. का हो आप्पा?"

"तिथेच लावा. मला काय करायचंय? मी कुठे रस्ता बघत बसतोय!"

आता मला जे माहीत होतं ते दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. पडद्याचं माप घेऊन बाई मला एकदा आप्पांच्या खोलीतच विसरल्या होत्या. घरात कुणी नाहीसं बघून आप्पा उठले, खिडकीशी गेले आणि डाव्या हाताने पट्टा ओढला. शटर वीतभर वर गेलं. पण एका हाताने ओढलं की पुढचा पट्टा पकडायला दुसरा हात लागतो. त्यांनी दातात धरून पाहिला. पट्टा सुटला आणि शटर धाडकन खाली. पुन्हा ओढलं, पुन्हा तेच. पाचदा. बाई आल्यावर म्हणाल्या, "आप्पा, कसला आवाज झाला?" तर म्हणतात, "वाऱ्याने काहीतरी पडलं असेल." माणसाला आपल्या खोलीत उजेडसुद्धा दुसऱ्याकडे मागावा लागतो, आणि आप्पा मागणाऱ्यातले नव्हेत. मला तोंड असतं तर तेव्हाच बोलले असते.

दुकानदार म्हणाला, "माप आमच्या माणसाने घेतलं तर त्याचे वेगळे पडतील. तुम्ही दिलंत तर जबाबदारी तुमची. माप देऊन बनवलेलं शटर परत घेत नाही." यजमान हसले. "रोज दोनशे मीटर वाचतो मी. एका खिडकीचं माप घेता येणार नाही?"

मला खिडकीच्या चौकटीत धरलं. रुंदीला अठ्ठावन्न दिसले, उंचीला बावन्न. यजमानांनी मनातल्या मनात चार-चार वजा करून कागदावर लिहिलं, चोपन्न आणि अठ्ठेचाळीस. एवढ्यात त्यांना ऑफिसचा फोन आला. बाईंनी कागद पाहिला आणि स्वतःशीच पुटपुटल्या, "यांचं काही खरं नाही, चार वजा करायचे राहिलेच." आणि खोडून पन्नास बाय चव्वेचाळीस केलं. कागद घडी होऊन दुकानात गेला. मी खुंटीवर नुसती लोंबत होते. मेली, काही करता येईना!

महिन्याने फिटर शटर घेऊन आला. हळू आवाजाचा, थंड डोक्याचा माणूस. त्याने आपली पोलादी टेप चौकटीला लावली, मग शटरला लावली.

"दादा, माप कुणी घेतलं होतं?"

"मी. का?"

"चार इंच कमी आहे. रुंदीलाही आणि उंचीलाही."

"शक्य नाही!"

"अहो, मी तपासलं होतं ना," बाई म्हणाल्या. "तुम्ही चार वजा केले नव्हते, म्हणून मी केले."

"केले होते गं मी!"

मग सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत माझ्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं.

फिटर म्हणाला, "बाजूंना आणि खाली लाकडी पट्ट्या मारून बसवता येईल. फार छान नाही दिसणार, पण चालेल. नाहीतर दुसरी लहान खिडकी असेल तर तिथे बाहेरच्या भिंतीवर लावतो. थोडं जास्त झाकलं जाईल, बिघडत काही नाही. कुठे लावू ते सांगा."

"इथेच," यजमान म्हणाले. "मार पट्ट्या."

फिटरला उभं राहायला स्टूल हवं होतं. बाई मला गळ्यात टाकून तशाच आप्पांच्या खोलीत गेल्या. खोलीत काळोख. फिटर येणार म्हणून सकाळपासून सामान हलवायची घाई, त्यात आप्पांचं शटर उघडायला दोघंही विसरले होते. दिवा कोपऱ्यात, त्याचं बटण दारापाशी, हलवून ठेवलेल्या सामानामागे. आप्पा अंघोळ करून, शर्टाची बटणं डाव्या हाताने नीट लावून, चष्मा घालून काळोखात बसले होते. अकरा वाजून गेले होते.

"आप्पा! हाक नाही का मारायची?"

"तुमची गडबड चालली होती ना."

"म्हणून असं बसून राहायचं?"

"घड्याळाचा आवाज येतोय की. किती वाजले ते कळतं मला."

बाई खिडकीशी गेल्या. त्यांनी पट्टा धरला, दुखऱ्या खांद्याने ओढला. उजेड आत आला, आणि त्या स्टूल न घेताच बाहेर आल्या.

"फिटरदादा, इकडे आत या. या लहान खिडकीला लावायचं."

"अगं, आणि तुझा खांदा?" यजमान म्हणाले.

"बाहेरचं रोज सकाळी तुम्ही ओढायचं. मीटर काही पळून जात नाहीत."

"मला नको!" आप्पा आतून ओरडले. "मला कशाला? फुकट खर्च!"

"आप्पा, तुम्ही गप्प बसा. माप चुकलंय, आता तुमच्याच खिडकीत खपवायचंय."

आप्पा पलंगावर सरकून खिडकीकडे तोंड करून बसले. मला तर वाटतं, नाही म्हणायचं त्यांच्या मनात नव्हतंच.

फिटर सवयीने खिडकीच्या उजवीकडे बटणाची खूण करायला लागला, तसे आप्पा पलंगावरून म्हणाले, "तिकडे नको. इकडे, डाव्या हाताशी." बाईंनी मला गळ्यातून काढलं. आप्पांनी डावा हात लांब केला, मी पलंगाच्या कडेपासून त्यांच्या बोटांपर्यंत ताणले गेले. तेहेतीस. तिघंही एका सुरात म्हणाले, "वजा चार!" बाईंनी एकोणतीस लिहिलं आणि कागद झटकन पदराआड धरला, यजमानांनी हात लावू नये म्हणून.

त्याला आता आठ महिने झाले. यजमानांनी पोलादी टेप आणली आहे, खिडक्या-दारांची कामं तिच्याकडे. माझ्याकडे शिवण तेवढं उरलंय. वाईट नाही वाटत. थकले आहे मीही, ऐंशी गिऱ्हाइकांच्या कंबरा मोजून कोण थकणार नाही?

आप्पा मात्र अंगात आल्यासारखे झालेत. सकाळी सगळ्यांच्या आधी त्यांचं शटर घर्र करत वर. दुपारी ऊन आलं की अर्ध्यावर. शेजारीण खिडकीशी येऊन गप्पांचं दळण घालायला लागली की थोडा वेळ ऐकून घेतात, मग बोट बटणावर, आणि तिच्या नाकासमोर शटर हळूहळू खाली. बाई यंत्रावरून ओरडतात, "आप्पा, अहो, बरं दिसतं का ते!" आणि उठून जात मात्र नाहीत. मलाही पुढचं ऐकायचं असतं, पण इलाज नाही. खिडकी त्यांची आहे.

तुमच्या घरी कधी असा खर्च निघाला, तर मोटर कुठली, भाव काय, हे सगळं बघाच. पण त्याआधी घरात एक फेरी मारा, आणि ज्याला पट्टा ओढता येत नाही त्याच्या खोलीत जरा बसा. कुणी मागणार नाही तिथे. तुम्हालाच बघावं लागेल.

येते मी. आप्पांच्या नव्या शर्टाचं माप घ्यायचंय, आणि ते पोट आत ओढत नाहीत.