हिरव्या ठिगळाची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनं पायपुसणं आहे. आधी पाय पुसा, मग ऐका.

काथ्याच्या कारखान्यातून माझी शेकडो भावंडं एकाच मापाची बाहेर पडली. माझ्या वाट्याला तिसऱ्या मजल्यावरचं एक दार आलं. चिखल, वाळू, सायकलची चाकं, सगळं पाठीवर झेललं. एक कोपरा उसवला, तेव्हा आजींनी जुन्या पडद्याचा हिरवा तुकडा लावून टाके घातले. सूनबाईंना त्या ठिगळाची लाज वाटायची. पाहुणे येणार म्हटलं की त्या तो कोपरा भिंतीकडे वळवून ठेवायच्या.

मग घरात बाळ आलं. त्याची पावलं जन्मतःच आत वळलेली, म्हणून ती सरळ करायला प्लास्टर घातलेलं. प्लास्टर निघाल्याबरोबर खास बूट घालायचे, नाहीतर पावलं पुन्हा वळतील, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. त्याच्या आईने, म्हणजे आमच्या सूनबाईंनी, बूट मागवले. दुकानाचा निरोप आला, ‘सामान पोचलं.’ सोबत दारात ठेवलेल्या खोक्याचा फोटो. माझ्यावर तर काहीच नव्हतं!

बाळाला खांद्यावर टाकून आईने दुकानाला फोन लावला. एकदा, दोनदा, नवव्यांदा.

‘ताई, फोटोत खोका पायपुसण्यावर दिसतोय. पैसे परत मिळणार नाहीत.’

‘अहो, पण ते पायपुसणं आमचं नाही!’

‘सगळी सारखीच असतात, ताई.’

बाबा म्हणाले, ‘सोड आता. किती डोकं फोडशील?’

‘सोडते. बूट तू विणून दे.’

प्लास्टर निघायला सहा दिवस उरले होते. दुसरा जोड घ्यायला हाताशी पैसे नव्हते. आई दारातच, माझ्या अंगावर, मटकन बसली. हात ठिगळावर पडला. तिने फोटो पुन्हा पाहिला. त्यातल्या माझ्या भावंडाचे चारही कोपरे धड होते!

तिने आजींना हाक मारली, ‘आई, हे ठिगळ कधी लावलंत हो?’

‘बाळाच्या आधी. का गं, उसवायचंय?’

‘हात लावू नका त्याला!’

बाळ घरी आलं त्या दिवशीचा फोटो तिने शोधला. उंबऱ्यात ती, कुशीत बाळ, खाली मी, ठिगळासकट. दोन्ही फोटो दुकानाला गेले. चौथ्या दिवशी पैसे परत आले. आईला हसायचंही त्राण नव्हतं. ती तशीच उठून बूट आणायला गेली.

मित्रांनो, कुणाच्या दारात काही ठेवायचं तर आधी बेल वाजवा, दार उघडेपर्यंत थांबा. आतलं माणूस त्या वस्तूवर किती विसंबलंय, ते बाहेरून कळत नाही.

माझा काथ्या आता झडत चाललाय. पण परवा दोन इवलेसे बूट माझ्यावर उभे राहिले. ठिगळाचा कोपरा हल्ली आई जिन्याकडे ठेवते, येणाऱ्याला आधी तोच दिसावा म्हणून.