नमुन्याचं रक्त

माणसाचं रक्त कधी खोटं बोलत नाही, असं थोर लोक सांगून गेले. खामगावच्या कापूस बाजाराशी त्यांची ओळख नसावी.

त्या बाजारात भगवंतरावांची तीस वर्षं दलाली. पण एकोणीसशे चौसष्टच्या दसऱ्यापासून दुकानाच्या तीन पायऱ्या त्यांना तीन कोसांसारख्या वाटू लागल्या. डाव्या बरगडीखाली पानथरी, म्हणजे प्लीहा, दगडासारखी हाताला लागे. डॉक्टरांनी त्यांच्या बोटाचं रक्त काचेवर ओढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं.

"रक्त हाडाच्या मगजात तयार होतं, भगवंतराव. पेशी तिथं पिकतात, मग बाहेर पडतात. तुमच्या कच्च्याच बाहेर फिरताहेत."

"म्हंजे बोंड फुटायच्या आधीच कापूस बाजारात."

"तसंच. सोमवारी या, नागपूरला नमुना पाठवू. मोठे डॉक्टर पाहतील, मग पुढचं."

नमुना! गाडीतला सगळ्यात पांढरा कापूस तो नमुना; पिवळा दाखवील तो दलाल नव्हे, वैरी. सोमवारी डॉक्टर परगावी होते, कंपाउंडर नवा होता. भगवंतरावांनी आपल्या नावावर मेहुण्याला, वामनरावाला, उभं केलं.

"बिमार तुमी, भाऊजी, अन् सुई मले काऊन?"

"नागपूरवाल्याईपुढं माहा माल ठेवू? तुमी रोज शेरभर दूध पेता. जा."

तीन आठवड्यांनी पत्र आलं: रक्त निर्दोष. अन्नपूर्णाबाईंनी गल्लीभर पेढे वाटले. नवऱ्याच्या हातावरही एक ठेवला. तो तोंडापर्यंत नेताना भगवंतरावांना मधे एकदा थांबावं लागलं.

पत्र वाचून डॉक्टर स्वतः घरी आले. त्यांनी भगवंतरावांची पापणी खाली ओढली. आत पांढरंफटक.

"नागपूरला गेलं ते रक्त कोणाचं?"

"वामनरावाचं. नमुन्याले खराब माल कोन देते, डॉक्टरसाहेब?"

"अहो, पण तुम्हाला ते विकायचं होतं का?"

तीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.

"नाई," भगवंतराव म्हणाले. "राखून ठेवाचं होतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचं बोट पुढं केलं. पत्राला पुन्हा तीन आठवडे लागले. कच्च्या पेशी बऱ्याच निघाल्या. खाली, औषधाच्या जागी, लिहिलं होतं: विश्रांती घ्यावी.