नणंदेची मुलगी

बडोद्यात मला घर मिळालं ते एका थापेवर. ती थाप माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. मला थापा मारता येत नाहीत, लगेच कान लाल होतात.

नंदेसरीच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली आणि मी सांगलीहून दोन बॅगा घेऊन आले. पगार बरा होता, काम सवयीचं होतं, राहायला जागा तेवढी शोधायची होती. त्यात काय एवढं, असं वाटलं होतं. दलाल स्कूटरवरून कारेलीबाग, समा, हरणी असं फिरवायचा आणि प्रत्येक दारात तोच प्रश्न यायचा, "फॅमिली छे?" नाही म्हटलं की समोरच्या बाईंचा चेहरा पडायचा. "सिंगल लेडीज? ना बेन, अमारी सोसायटीमां नथी चालतुं." नवरा दुबईला आहे म्हटलं असतं तर चाललं असतं, पण नवराच नाही हे कोणाच्या पचनी पडत नव्हतं. परत जायची सोय नव्हती. सांगलीला आई भावाकडे असते आणि माझ्या खोलीत आता पुतण्याचं अभ्यासाचं टेबल आहे. चौतिसाव्या वर्षी त्या टेबलाखाली झोपायला जाणार होते का मी?

शेवटी कंपनीतल्या विश्रामने शरच्चंद्र आणि निरुपमा यांचं दार दाखवलं. कारेलीबागेतली जुनी सोसायटी, दोघंच म्हातारी माणसं, मुलगी दीप्ती कॅनडात. शरच्चंद्रांचे आजोबा गायकवाडी सरकारात कोणी अधिकारी होते, ही माहिती मला चहा येण्याआधीच मिळाली. निरुपमाबाईंनी मागची खोली दाखवली आणि तिथल्या तिथे निकाल लावला. "सोसायटीत भाडेकरू चालत नाही, त्यात एकटी मुलगी तर नाहीच. तू माझ्या नणंदेची मुलगी. ह्यांना मामा म्हणायचं, मला मामी. जमेल ने?"

माझे कान लाल झाले. पण मी म्हटलं, जमेल.

सुरुवातीला मला तो प्रकार नाटकी वाटायचा. जिन्यात शेजारच्या कोमलबेन भेटल्या की मामी मोठ्याने सांगायच्या, "आमची मोहना, नणंदेची." कोमलबेन हसून म्हणायच्या, "हा हा, भाणी ने," म्हणजे भाचीच ना. मग हळूहळू गंमत झाली. मामी कंपनीच्या बससाठी मला हाक मारून उठवायला लागल्या. रविवारी सेव-उसळ आणायला मामांना पिटाळायचं आणि ती तिखट निघाली की मलाच रागवायचं, कारण मागणी माझी असायची. उत्तरायणाला गच्चीवर सगळी सोसायटी होती. माझं बोट मांज्याने कापलं, तर मामींनी चारचौघांत माझ्या पाठीत धपाटा घातला. "नणंद काय म्हणेल मला!" म्हणाल्या. तिथे कोणी ऐकायला टपलेलं नव्हतं. पतंग सोडून आमच्याकडे कोण बघतंय? त्या खोटं बोलत होत्या असं मला त्या क्षणी वाटलंच नाही. मी खुळ्यासारखी खूश झाले. या शहरात मी कोणाची तरी कोणीतरी होते.

होळीनंतर एका सकाळी मामी ओट्याशी पोहे भिजवता भिजवता खाली बसल्या. मामांना काही सुचेना. मीच रिक्षा आणली, मीच मामींचं डोकं मांडीवर घेतलं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "आपण कोण?" मी म्हटलं, "भाची." कान लाल झाले नाहीत. डॉक्टरांनी मान हलवली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की सगळं संपलं आहे.

दीप्तीला येता येईना, पासपोर्ट नूतनीकरणाला गेलेला. व्हिडिओवर ती रडून रडून दमली. मग म्हणाली, "मोहना, बेसण्याला आईच्या फोटोजवळ तू बस ने. घरातली बाई नको का कोणी?" बेसणं हा इथल्या गुजराती लोकांचा रिवाज. दुपारभर लोक पांढऱ्या कपड्यांत येतात, हात जोडतात, थोडा वेळ बसून जातात. बडोद्यातल्या मराठी घरांनीही तो केव्हाच आपला केला आहे. मी पांढरी साडी नेसले आणि घरच्यांच्या रांगेत मामांशेजारी बसले. माणसं यायची, माझ्यापुढे हात जोडायची, मी जोडायचे. रडू खरं होतं. आणि खरं सांगते, त्या रडण्याच्या आत कुठेतरी मला बरं वाटत होतं. एवढी माणसं माझं सांत्वन करत होती!

सूतकही मी पाळलं, अगदी काटेकोर. देवाची खोली बंद केली, चटईवर झोपले, गोड सोडलं. शेजारून येणारी खिचडी-कढी मामांना वाढायची आणि त्यांच्या पानाशेजारी माझं घ्यायचं, असं चाललं होतं. लॅबमध्ये कोणीतरी सत्यनारायणाचा प्रसाद पुढे केला तर मी हात मागे घेतला. "आमच्या घरी सूतक आहे." विश्रामने एकदा माझ्याकडे पाहिलं.

तेरावं व्हायच्या आधी एका संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी धवलभाई आले, सोबत कोमलबेन. मी पाणी दिलं. धवलभाई भला माणूस, मामींच्या अंत्ययात्रेत सगळी धावपळ त्यानेच केली होती. तो चपलेकडे बघत मराठीत बोलायला लागला, त्याची शाळा मराठी मुलांबरोबर गेलेली.

"मोहनाबेन, आता काका एकटे. तुम्ही एकट्या. लोक बोलतात. तुम्ही दुसरीकडे बघा ने."

माझा पारा चढला. "लोक काय बोलतात? मामाच्या घरी भाची राहते, त्यात बोलण्यासारखं काय आहे?"

कोमलबेननी माझा हात धरला. त्यांचा स्वर इतका मऊ होता की मला तो सहन होईना. "बेटा, शरदभाईने बहेन ज नथी. एकनो एक दीकरो छे. तीस वर्षं शेजारी आहोत आम्ही, आम्हाला पहिल्या दिवसापासून खबर होती. निरुबेनला तू गमायचीस, आवडायचीस, म्हणून कोणी बोललं नाही. आता निरुबेन नाही."

मामांना बहीणच नव्हती. हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही, कारण मी विचारलंच नव्हतं. गच्चीवर, जिन्यात, बेसण्यात ज्यांनी ज्यांनी मला भाची म्हटलं, ते सगळे मामींच्या नाटकात त्यांना साथ देत होते. ते नाटक खरं मानणारी एकटी मीच निघाले.

पण मामा होते. मामा समोर खुर्चीत बसले होते, केस न कापलेले, दाढी वाढलेली. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं, ती माझी भाची आहे, ती इथेच राहील. धवलभाई नक्की उठून गेला असता. मला दुसरं काही नको होतं.

मामांनी मान खाली घातली. धवलभाईलाच अवघडल्यासारखं झालं. तो म्हणाला, "घाई नाही, काका. तेरावं होऊ द्या. सुतकात घर बदलत नाही, मला माहीत आहे."

तेव्हा मामांनी मान वर केली. आवाजात राग नव्हता. माझी अडचण सोडवावी तसं, जुन्या अधिकाऱ्याच्या नातवाला शोभेल असं, ते नीट समजावून बोलले.

"तिला सूतक नाही, धवलभाई. ती केव्हाही जाऊ शकते."

मी आत गेले आणि चटई गुंडाळली. रडू आलं नाही. मामींसाठी जेवढं होतं तेवढं बेसण्यात संपलं होतं, आणि माझ्यासाठी रडायला त्या घरात कोणी नव्हतं. दोन बॅगा पलंगाखालून काढल्या. त्या भरायला फार वेळ लागला नाही.

सकाळी बसमध्ये विश्राम पेढे वाटत होता, त्याला मुलगी झाली होती. माझ्यापाशी येऊन तो थांबला. "तुमच्या घरी सूतक आहे ना?"

"नाही," मी म्हटलं, आणि पेढा घेऊन खाल्ला.